नाशिकहून जुनं दीपगृह बघायला कुठे जावं? (सोबत आई, वय ७२ आणि मुलगा, वय ९)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. डिसेंबरात शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी आली आहे. मुलाच्या डोक्यात सध्या दीपगृह बसलंय. आत जाता येईल, वरचा दिवा जवळून बघता येईल असं जुनं दीपगृह हवं आहे. आईचे गुडघे बोलतात, त्यामुळे शे-दोनशे पायऱ्या नकोत. माझ्या यादीत कोर्लई, खांदेरी आणि जयगड आहेत. नवरोबांचं मत असं की "चुना फासलेला खांब बघायला अडीचशे किलोमीटर गाडी हाणायची?" त्यांना गप्प करणारी उत्तरं जास्त आवडतील. रिसॉर्ट सुचवू नका, तेवढं गुगल मलाही येतं.

सातपूरचा_मिसळवाला
नवरोबांना +१. समुद्रावर जायचं तर मासे खायला जावं. खांब बघायचा तर आपल्याकडे विजेचे पुष्कळ आहेत, आणि तेही रात्री लागतीलच असं नाही. दिवे घ्या.

पंचवटीकर
धागा दीपगृहाचा आणि पहिल्याच प्रतिसादात 'दिवे घ्या'. जमलंय.

अलिबागची_सून
माहेर कॉलेज रोड, सासर अलिबाग, त्यामुळे या धाग्यावर माझा हक्क आहे.
ताई, आई सोबत असतील तर डोळे मिटून कोर्लई. अलिबागहून रेवदंडा, पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई गाव. गावातून अरुंद रस्ता कोळीवाड्याच्या कडेने डोंगराला धरून जातो आणि गाडी जवळजवळ दीपगृहापर्यंत पोचते. मनोरा बुटका आहे. उंची त्याला डोंगरानेच दिली आहे, त्यामुळे पायऱ्या फार नाहीत. आमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, हळूहळू चढल्या. वरच्या खोलीत जायला शेवटी शिडीसारखा उभा जिना आहे, तेवढा आईंनी सोडला तरी खालच्या सज्जातून समुद्र पूर्ण दिसतो.
तिथल्या कर्मचाऱ्यांशी नीट बोललात तर ते भिंग, दिवा, बॅटऱ्या सगळं समजावून सांगतात. दुपारी उशिरा जा. वेळा बदलतात, आधी चौकशी करून निघा. सकाळी दहाला पोचून कुलूप बघून परतलेले पाहुणे आमच्याकडे जेवायला आलेत.

इतिहासाचा_किडा
एक शंका. धागाकर्तीला 'जुनं' हवंय. कोर्लईचं दीपगृह १९५५ चं आहे. त्याला ऐतिहासिक म्हणायचं का?

खारा_वारा
मी त्याच्याही आधीचा आहे. मला काय म्हणाल?

इतिहासाचा_किडा
काका, तुम्हाला संरक्षित स्मारक म्हणू :)
पण मुद्दा सोडत नाही. खरंच जुनं बघायचं तर खांदेरी. तिथे १८६७ पासून दिवा आहे, आणि ज्या किल्ल्यात तो उभा आहे त्याची गोष्ट अजून थरारक. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी माणसं आणि दगड घेऊन त्या बेटावर उतरले. समोर मुंबईचे इंग्रज, बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी. इंग्रजांनी गलबतं आणून नाकेबंदी केली. आपली छोटी गलबतं रात्री अंधारातून, उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिली. इंग्रजांची मोठी जहाजं वारा पडला की जागच्या जागी अडकायची, आपली वल्ह्यांवर चालायची. तट उभा राहिला तो असा, तोफा अंगावर घेत. इंग्रजांना अखेर तह करावा लागला. सिद्दीने चिडून शेजारची उंदेरी बळकावली, तो विषय वेगळा.
बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं, दीपगृहही त्याच नावाने ओळखलं जातं. दगडी, आठ कोनी मनोरा, उंची साधारण पंचवीस मीटर.
आणि नाशिककरांनो, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे आणि आपला बागलाणातला साल्हेरही आहे. एकाच यादीत एक दर्यातला आणि एक आभाळातला. साल्हेर केला असेल तर खांदेरी बघणं तुमचं कर्तव्य आहे.

सिडकोवाली
साल्हेर केलाय. माझे पाय अजून कर्तव्य म्हटलं की घाबरतात.

अलिबागची_सून
खांदेरी सुंदरच, पण आईंना घेऊन नको. थळच्या बंदरावरून मच्छीमारांची बोट ठरवावी लागते. बोटीतून धक्क्यावर पाय टाकताना लाट आली की तरणीताठी माणसं कोलमडतात. बेटावर वेताळाचं ठाणं आहे, कोळी लोकांचं मोठं श्रद्धास्थान. तिथे हुल्लडबाजी करू नये. आणि हो, एक दगड आहे, दुसरा दगड घेऊन त्यावर मारला की भांड्यावर मारल्यासारखा टणटण वाजतो. मुलाला तेवढ्यासाठी न्यावं असं वाटतं.

सातपूरचा_मिसळवाला
आमच्या ऑफिसात असा एक साहेब होता. कुठेही वाजवा, टणटण.

गोदाकाठची
@अलिबागची_सून, खूप आभार. @इतिहासाचा_किडा, आता खांदेरीही सोडवत नाहीये. असं करू नका हो, मी यादी कमी करायला आले होते.

कट्ट्यावरचा_भाऊ
डहाणूला का नाही जात? नाशिकहून सगळ्यात जवळचा समुद्र तोच. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत उतरायचं. रस्ता वळणावळणाचा आहे पण काय जंगल आहे राव! डहाणूलाही दीपगृह आहे, तारापूरलाही आहे. येताना चिकू.

इतिहासाचा_किडा
आहेत, पण धागाकर्तीला जुनं बांधकाम आणि आत शिरून बघणं हवंय. त्यासाठी अलिबागच्या खालीच उतरावं. जयगडचं १९३२ चं, ओतीव लोखंडाचं. सुटे भाग आणून नटबोल्टने जोडलेला मनोरा. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकवायचं म्हणजे सतत रंग. गणपतीपुळ्याहून तासाभराच्या आत पोचता. रत्नागिरीला भगवतीच्या किल्ल्यावर आहे, देवगडला किल्ल्यातच १९१५ चं आहे. पण नाशिकहून हे सगळं तीन दिवसांत बसवलंत तर मुलगा गाडीतच दहा वर्षांचा होईल.

नवा_सभासद_४२
मुंबईतलं प्राँग्ज कोणी सुचवलं नाही? ते तर सगळ्यात भारी. १८७५ चं, चाळीस मीटरहून उंच, लाल-पांढरे-काळे पट्टे. ओहोटीला कुलाब्याच्या टोकावरून खडकांतून चालत जाता येतं.

खारा_वारा
चालत जाता येतं हे खरं, पण वाट नौदलाच्या हद्दीतून आहे. परवानगीशिवाय तिकडे फिरकू नका. आणि परवानगी मिळाली तरी शेवाळलेल्या खडकांवरून आजींना नेणार आहात का? मुलाला गेटवेच्या फेरीबोटीतून लांबून दाखवा.
आता मूळ प्रश्नावर येतो. मी मर्चंट नेव्हीत होतो, हल्ली इंदिरानगरात राहतो आणि समुद्र स्वप्नातच बघतो. चुना फासलेल्या खांबाबद्दल थोडं लिहितो.
रात्री ब्रिजवर उभं असताना दिवा एकदम दिसत नाही. आधी क्षितिजाखालून त्याचा उजेड आभाळावर घासून जाताना दिसतो. येतो, जातो. मग हातात स्टॉपवॉच घ्यायचं आणि मोजायचं. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असते. कुणाचा एक झोत, कुणाचे लागोपाठ दोन, मग काळोख, मग पुन्हा. किती सेकंदांनी, ते पुस्तकात छापलेलं असतं. लय जुळली की हे अमुक दीपगृह असं पक्कं व्हायचं. शेजारशेजारच्या दोन दीपगृहांची लय सारखी ठेवत नाहीत ती त्याचसाठी. चुकीच्या दिव्यावर विश्वास ठेवला तर जहाज खडकावर.
पट्टेही शोभेचे नाहीत. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा पट्ट्यांवरून ओळखायचं. पांढरा मनोरा हिरव्या डोंगरापुढे उठून दिसतो, पांढुरक्या शहरापुढे हरवतो, म्हणून प्राँग्जला रंग. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून आपण पुराचं पाणी कुठवर आलं ते सांगतो ना, तसंच हे. मूर्ती जागची हलत नाही म्हणूनच तिच्यावरून मोजता येतं.
"आता जीपीएस आहे" असं कोणीतरी लिहिणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. जीपीएसचा सिग्नल बिघडवता येतो, खोटाही पाठवता येतो. खिडकीतून दिसणारा दिवा खोटा पाठवता येत नाही.

सिडकोवाली
काका, हा प्रतिसाद वाचनखुणेत. वेगळा लेख लिहा ना यावर.

कट्ट्यावरचा_भाऊ
आता जीपीएस आहे. (राहवलं नाही.)

गणिताचा_मास्तर
खाराकाकांनी क्षितिजाचं काढलंच आहे तर एक सोपं सूत्र. दिवा समुद्रसपाटीपासून जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढा आणि साडेतीनने गुणा. तितक्या किलोमीटरवर क्षितिज. दिवा शंभर मीटरवर असेल तर वर्गमूळ दहा, क्षितिज पस्तीस किलोमीटर. बघणाराही उंचावर असेल तर त्याचं क्षितिज वेगळं काढून त्यात मिळवायचं. म्हणून दीपगृह डोंगरावर बांधलं की मनोरा बुटका चालतो आणि सपाट खडकावर बांधलं की उंच लागतो. कोर्लई आणि प्राँग्जमधला फरक एवढाच.

पंचवटीकर
मास्तर, आमचे आजोबा सांगायचे की पूर्वी कळसूबाईवरून रात्री मुंबईचं दीपगृह दिसायचं. घरात कुणी विश्वास ठेवला नाही. तुमचं सूत्र काय म्हणतं?

गणिताचा_मास्तर
मस्त प्रश्न. कळसूबाई १६४६ मीटर. वर्गमूळ साडेचाळीसच्या आसपास. साडेतीनने गुणलं की एकशे चाळीस किलोमीटर. समुद्र तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर असावा, कुलाब्याचं टोक आणखी थोडं लांब. म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येत नाही. भूमिती आजोबांच्या बाजूने आहे!

खारा_वारा
भूमिती असेल, पण दिवा नाही. मोठ्या दीपगृहाचा झोत स्वच्छ हवेत वीस-पंचवीस सागरी मैल पोचतो. सागरी मैल १८५२ मीटरचा, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर झाले. पुढे हवाच उजेड खाऊन टाकते. शिवाय तो झोत समुद्रावर आडवा सोडलेला असतो, सह्याद्रीच्या माथ्यावर नाही. आजोबांनी मुंबईच्या दिव्यांची लाली बघितली असेल.

पंचवटीकर
आजोबांचा अर्धा विजय धरतो. घरच्या ग्रुपवर टाकलंय, आता दोन दिवस शांतता नाही.

सातपूरचा_मिसळवाला
अंजनेरीवरून डहाणूचे चिकू दिसतात का तेवढं काढा मास्तर.

काचेचं_घर
भिंगाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी. चष्म्याचा धंदा आहे, त्यामुळे दीपगृहात गेले की मी समुद्राकडे पाठ करून उभी राहते.
एवढासा दिवा इतक्या लांब दिसतो तो बल्बच्या ताकदीवर नाही, काचेच्या जोरावर. दिव्याचा उजेड चारी बाजूंना सांडतो. तो गोळा करून आडवा पाठवायचा तर एकच जाडजूड भिंग लागेल, इतकं जाड की उचलवणार नाही आणि काचेतच उजेड जिरेल. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने डोकं लावलं. भिंगात वाकवायचं काम करतो तो पृष्ठभाग, आतली जाडी फुकटची. ती काढून टाकली आणि नुसत्या कडा गोल गोल कड्यांमध्ये लावल्या. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात पहिल्यांदा बसवलं आणि पुढे जगभर तेच. तुमच्या गाडीच्या मागच्या दिव्यावरच्या रेघाही त्याच घराण्यातल्या.
मोठी भिंगं काही टनांची असायची आणि ती फिरवायची होती. म्हणून पाऱ्याने भरलेल्या गोल हौदात तरंगत ठेवत. पाऱ्यावर तरंगणारं भिंग बोटाने ढकललं तरी सरकतं. वीज नव्हती तेव्हा वजन मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली उतरायचं आणि त्या ओढीवर भिंग फिरायचं. वजन तळाला टेकलं की पुन्हा गुंडाळून वर घ्यायचं, रात्रभर. पाऱ्याची वाफ विषारी, हे पुढे कळत गेलं.
आणखी एक. दिवसा गेलात तर भिंगाच्या खोलीत पडदे ओढलेले दिसतील. लोकांना वाटतं धुळीसाठी. धुळीसाठी असतीलही, पण खरं कारण ऊन. जे भिंग आतला उजेड बाहेर पाठवतं तेच बाहेरचं ऊन आत एका ठिकाणी गोळा करतं. पडदा नसेल तर दिवा वितळेल, कधी आगही लागेल. एकदा पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आली आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर वीतभर रुंद इंद्रधनुष्याच्या पट्ट्या पडल्या, खालपासून छतापर्यंत. कर्मचारी ते रोज बघत असणार, त्यांनी शांतपणे पडदा सारला आणि पट्ट्या गेल्या. ताई, मुलाला पडद्यांबद्दल विचारायला सांगा. तिथला माणूस खूश होईल.

गोदाकाठची
नवऱ्याला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "पारा अजून आहे का तिथे?" असा पहिला रस दाखवला आहे. प्रगती.

काचेचं_घर
सगळीकडे नाही. बऱ्याच ठिकाणी आता एलईडी आणि हलके दिवे आले. जुनी भिंगं काही ठिकाणी काढून संग्रहात ठेवली आहेत. तुम्ही जाल तिथे काय आहे ते तिथेच विचारा.

नवा_सभासद_४२
लिफ्ट हवी तर चेन्नई. मरीना बीचच्या दीपगृहाला लिफ्ट आहे, आई थेट वर. राजीव गांधींच्या हत्येनंतर ते सुरक्षेसाठी लोकांना बंद होतं, २०१३ मध्ये पुन्हा उघडलं. तिथूनच महाबलीपुरमला गेलात तर जुन्या दीपगृहाशेजारी पल्लवांचं देऊळ आहे, त्याच्या माथ्यावर एके काळी दिवा लावत असत.

कट्ट्यावरचा_भाऊ
तीन दिवसांत नाशिक ते चेन्नई. नवा सभासद उत्साही आहे.

रोखठोक_नाशिककर
थोडं वेगळं लिहितो, कोणाला लागलं तर लागू दे. २०२४ च्या फेब्रुवारीत देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी खुली केल्याचा कार्यक्रम झाला. उद्यानं, खेळणी, खाऊची दुकानं, कुठे संग्रहालय, कुठे खुलं नाट्यगृह. काही ठिकाणी चांगलंही झालं असेल. पण दीपगृह ही चालू यंत्रणा आहे. रात्रभर माणूस ड्यूटीवर असतो आणि खाली डीजे लावून लग्नाआधीचं फोटोशूट. आमच्यासमोर एकाने ड्रोन थेट मनोऱ्याभोवती फिरवला. कर्मचारी हात जोडून सांगत होता, पाहुणे ऐकत नव्हते. सोमेश्वरचा धबधबा रिकाम्या बाटल्यांनी भरून टाकला, आता तीच माणसं इकडे पाठवायची का?

सिडकोवाली
मला हे पटलं नाही. बंद ठेवून काय होतं तेही बघितलंय की. लोक येत नाहीत, पैसा येत नाही, मग एक दिवस गंजलेलं फाटक आणि 'प्रवेश निषिद्ध'. गर्दी वाईट नाही, बेशिस्त वाईट. या धाग्यावरचा मुलगा पडद्याचं कारण विचारणार आहे, त्याला बाहेर ठेवायचं का?

रोखठोक_नाशिककर
त्या मुलाला आत घ्या. ड्रोनवाल्या काकांना बाहेर ठेवा. सोपं आहे.

खारा_वारा
पैशाबद्दल एक दुरुस्ती. ही दीपगृहं तिकिटांवर चालत नाहीत. बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दिव्यांसाठी शुल्क घेतात, मुख्य खर्च त्यातून. १९२७ चा दीपगृह कायदा होता, तो बदलून २०२१ मध्ये नवा आला. तुमचे दहा-वीस रुपये हे पाहुणचाराचे.

इतिहासाचा_किडा
अवांतर: नाशिकचा समुद्राशी काय संबंध, असं वर कोणीतरी लिहिणार होतं, लिहिलं नाही. तरी उत्तर देतो. नारोशंकराच्या देवळाची घंटा बघा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा सरदारांनी आणून आपापल्या देवळांत बांधल्या. ही त्यातलीच. घंटेवर १७२१ साल कोरलेलं आहे. म्हणजे समुद्रकाठची घंटा गोदावरीच्या काठी पूर आला की वाजायची. कोर्लईलाही पोर्तुगीजच होते. त्या गावातले ख्रिस्ती लोक अजून घरात पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. दीपगृहाच्या मागूनच किल्ल्यावर वाट जाते, ती चुकवू नका.

पंचवटीकर
रोज त्या घंटेखालून जातो आणि ती वसईची हे आज कळतंय. धन्य आहे मी.

दर्शक_फक्त_वाचतो
अनेक वर्षं इथे नुसता वाचतोय, आज लिहावंसं वाटलं. माझे सासरे एका दीपगृहावर नोकरीला होते, बेटावरच्या. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून मे महिन्यातच तांदूळ, डाळ, रॉकेल, औषधं भरून ठेवायची. घरची तार आली तरी निघता यायचं नाही. त्यांना आम्ही विचारायचो, रात्री एकटं वाटायचं का? ते म्हणायचे, एकटं वाटायला वेळ कुठे, काच पुसायची असायची. खारा वारा काचेवर मिठाचा थर धरतो. थर धरला की झोत अर्धा. पावसात, वाऱ्यात बाहेरच्या सज्जात उभं राहून एका हाताने कठडा धरायचा आणि दुसऱ्याने काच पुसायची. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे राहायला आले, तर सकाळी उठून खिडक्या पुसायचे. बायको ओरडायची, राहू द्या हो बाबा, बाई येते. ते ऐकायचे नाहीत.
तिकडे गेलात तर कर्मचाऱ्यांशी दोन शब्द बोला. लोक फोटो काढतात आणि निघून जातात.

काचेचं_घर
_/\_

सिडकोवाली
लिहीत जा हो तुम्ही.

अलिबागची_सून
आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे, नाहीतर ताई कंटाळून महाबळेश्वरला जातील. ताई, तारखा पक्क्या झाल्या का?

गोदाकाठची
झाल्या. घरात तह झालाय. शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्री अलिबाग. शनिवारी सकाळी मी, मुलगा आणि (पाऱ्यामुळे) नवरा खांदेरीला, आई तुमच्या अलिबागेत भावाच्या बायकोबरोबर आराम करेल. दुपारी सगळे कोर्लई. रविवार मोकळा. बोट किती वाजता गाठायची? शनिवारी द्वादशी आहे असं आई म्हणते.

अलिबागची_सून
आईंनी बरोबर ती गोष्ट सांगितली जी लागते. आमच्याकडे भरती घड्याळावर नाही, तिथीवर. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ येते. द्वादशी म्हणजे बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. सकाळी नऊला पूर्ण भरती, दुपारी तीनला पूर्ण ओहोटी. पंधरवडा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून.
ओहोटी लागली की थळला बोट गाळात बसते, मग तांडेल कितीही भला असला तरी काही करू शकत नाही. आठच्या आधी बंदरावर हजर राहा, आणि बारापर्यंत परत याच. बोट आदल्या दिवशी ठरवून ठेवा. जीवरक्षक जॅकेट मागून घ्या, मुलाच्या मापाचं आहे का ते बघून.

गणिताचा_मास्तर
तीन चतुर्थांश तासाचा हिशोब! चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, कोळ्यांनी त्याचे पाऊण तास धरले. पंधरा तिथींना सव्वाअकरा. पौर्णिमेला भरती बाराच्या आगेमागे येते, म्हणजे थोडा फरक पडतो, पण वाळूत बोटाने करता येणाऱ्या गणिताला आणखी काय हवं? उद्या वर्गात घेतो हे.

कट्ट्यावरचा_भाऊ
रस्त्याचं मी सांगतो. समृद्धीने इगतपुरीहून खाली उतरा, कसाऱ्याचा घाट टळतो. पुढे भिवंडी, पनवेल, पेण. वडखळला शुक्रवारी संध्याकाळी अख्खी मुंबई तुमच्या आधी पोचलेली असेल. पर्याय म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडवा. मुलाला आवडेल, पण बोटीची वेळ गाठायला मुंबईच्या ट्रॅफिकमधून जावं लागतं. मी असतो तर दुपारी जेवून निघालो असतो.

गोदाकाठची
दुपारी निघतो मग. आईचा पहिला प्रश्न: कोर्लई-रेवदंड्याकडे शाकाहारी जेवण मिळेल का?

अलिबागची_सून
रेवदंडा-चौल पट्ट्यात घरगुती खाणावळी आहेत, सकाळी फोन करून सांगितलं तर वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळते. आयत्या वेळी गेलात तर फक्त मासे. नाहीतर शनिवारी आमच्याकडे या, आईंना माझ्या सासूबाईंशी गुडघ्यांबद्दल बोलता येईल.

सातपूरचा_मिसळवाला
मला पण बोलवा. माझे गुडघे ठीक आहेत पण बोलता येईल.

नवा_सभासद_४२
कोर्लईला कॅमेऱ्याचे पैसे वेगळे घेतात का?

अलिबागची_सून
थोडेफार घेतात. सुटे न्या, वर नेटवर्क धड नसतं.